मोठ्या बाबांचं बटन

२०१८ साली, दिवाळीनंतरच्या आमच्या घरगुती मेळाव्यासाठी मी नावनोंदणीचं एक वेबपेज केलं. पुण्यात नोकरी, काम जावास्क्रिप्टचं, त्यामुळे हौस दांडगी. सौंसरची, नागपूरची मंडळी मोबाइलवरून भराभर नावं टाकत होती. पांढुर्ण्याहून मात्र एकही नाव येईना. आईनं विचारलं, “मोठे बाबा रागावले का रे?”

फोन लावला.

“चार दिवसांपासून बटन दाबून राहिलो बाबू, काही होऊनच नाही राहिलं. म्हटलं, तुम्ही पोरांनी आमचं नाव घेतलंच नसन.”

त्यांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोज एक्सपी होतं. त्यावर क्रोम ४९ व्या आवृत्तीलाच थांबतं, आणि मी वापरलं होतं असिंक-अवेट, म्हणजे २०१७ चं जावास्क्रिप्ट. अनोळखी रचना दिसली की ब्राउझर तेवढी ओळ सोडून पुढे जात नाही, अख्खी फाइलच बाजूला ठेवतो. पानावर काही सांगतही नाही. बटन दिसतं, दाबलं जातं, बस.

२०१५ च्या शेवटी छिंदवाडा-नागपूर नॅरोगेज बंद झाली, तेव्हा मोठी लाइन येईपर्यंत सौंसरकरांनी बसचे धक्के खाल्ले. रुळांचं एक वेळ समजू शकतो. माझ्या पेजला जुनी वाट बंद करायचं काहीच कारण नव्हतं.

त्या रात्री आधी साधा एचटीएमएल फॉर्म उभा केला. जावास्क्रिप्ट चालो न चालो, नाव पोचलंच पाहिजे. मग बेबेल वापरून नवी रचना जुन्या जावास्क्रिप्टमध्ये उतरवली. जी फंक्शन्स जुन्या ब्राउझरमध्ये नसतातच, त्यांच्यासाठी पॉलिफिल. (हे नाव भिंतीच्या भेगा बुजवायच्या एका विलायती पुट्टीवरून पडलंय.) ब्राउझर कोणता, हे विचारून ठरवायचा मोह टाळला. ‘हे फंक्शन तुझ्याकडे आहे का?’ एवढंच विचारायचं. पण रचनाच अनोळखी असेल तर हा प्रश्नसुद्धा चालत नाही, म्हणून बेबेल आधी.

फाइल जड झाली. “एक्सपीवाले उरलेत किती?” असं एका सहकाऱ्यानं विचारलं. मी म्हटलं, आमच्या घरात एक आहेत.

सकाळी यादीत पाच नावं वाढली होती. ‘काही सूचना’च्या रकान्यात मोठ्या बाबांनी लिहिलं होतं: संत्र्याच्या दोन पेट्या आणतो, गाडीत जागा ठेवजो.