जुनी रेसर सायकल घेताना आम्ही काय काय तपासलं

चार दिवस वापसा नाही. सोयाबीन फुलकळीवर आहे, फवारणीला पावसाने उघडीप द्यायला हवी. म्हणून आज पिकाऐवजी सायकलवर लिहितोय. गेल्या महिन्यात दोघा-तिघांनी विचारलं होतं, "पोरीला गिअरची सायकल कितीला घेतली?" आकडा सांगून भागणार नाही, सगळं सविस्तर सांगतो.

लेक अकरावीला आहे. कॉलेज गावापासून नऊ किलोमीटर. एसटीचा भरवसा नाही. शाळेत असताना साध्या सायकलवर तालुक्याला शर्यतीत दुसरी आली, तेव्हापासून तिच्या डोक्यात रेसर सायकल. मुंबई-पुणे शर्यतीत खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढणाऱ्यांचे व्हिडिओ बघते आणि मला 'घाटाचा राजा' म्हणजे काय ते समजावते. नवीन रोड बाईकची चौकशी केली तर बऱ्यापैकी सायकल पंचवीस-तीस हजारांच्या पुढेच. घरात साधारण तेवढेच पैसे होते, पण ते माळाच्या तुकड्यावर ठिबक करायला बाजूला काढलेले. तिची आई म्हणाली, "ठिबक थांबलं तर ऊस थांबेल, सायकल थांबली तर पोरगी थांबेल. दोन्ही बसवा." म्हणजे दहा हजारांच्या आत जुनी बघायची.

जुनी सायकल बघणं हे जनावराच्या बाजारासारखंच आहे. अंगावरची झूल बघायची नाही. दात बघायचे, खूर बघायचे, चालवून बघायचं.

पहिली सायकल (नाही घेतली). बाजारातली, ताजा लाल रंग, ४,५०० रुपये. लांबून एकदम देखणी. तीन गोष्टी तपासल्या.

एक, हँडलखालचा सांधा. समोरून जोरात धडक बसलेली असेल तर पुढच्या नळीच्या लगेच मागे, खालच्या दांड्याच्या पोटाला सुरकुती पडते. रंग दिला तरी बोटाला लागते. इथे लागली. चिमटाही थोडा मागे दबलेला.

दोन, सुतळी. सुतळीचं एक टोक मागच्या चाकाच्या ॲक्सलपाशी बांधायचं, पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने मागे आणायचं आणि ताणून बांधायचं. सीटच्या उभ्या नळीपासून सुतळीचं अंतर दोन्हीकडे सारखं हवं. इथे जवळजवळ एका बोटाचा फरक. म्हणजे सांगाडाच वाकडा.

तीन, लोहचुंबक. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक खिशात ठेवला होता. फ्रेमला चिकटला तर चांगलंच, फ्रेम पोलादी आहे. पोलादी फ्रेम आपल्याकडच्या कारागिराला सरळ करता येते, जोडता येते. ॲल्युमिनियमचं तसं नाही. पण रिमला चिकटला तर विचार करा. चकाकणारी पोलादी रिम पावसात ओली झाली की ब्रेक दाबूनही सायकल लवकर थांबत नाही. ॲल्युमिनियमची रिम ओल्यातही बरीच बरी धरते. पोरगी भर पावसाळ्यात डांबरीवरून जाणार, समोरून ट्रॉल्या. माझ्यासाठी ही गोष्ट रंगापेक्षा, गिअरपेक्षा आणि किमतीपेक्षा मोठी होती. चुंबक चिकटला, आम्ही घरी आलो. लेक दोन दिवस नीट बोलली नाही.

दुसरी सायकल (घेतली). एका निवृत्त शिक्षकांची. तरुणपणी शर्यती खेळायचे. माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवलेली, स्टिकर उडालेलं, रंग पापुद्रे धरलेला, टायरला भेगा. तिची आई हळूच म्हणाली, "ही?" पण सुतळी दोन्हीकडे सारखी. सुरकुती नाही. रिमला चुंबक चिकटत नाही. पायडलचा क्रँक बिन-कॉटरचा.

पुढे हे तपासलं:

माप. रेसर सायकल सीट वर-खाली करून सगळ्यांना बसत नाही, फ्रेमच मापाची लागते. पोरीला अनवाणी भिंतीला उभी करून, दोन पायांमध्ये वही धरून जमिनीपासून उंची घेतली : ७६ सेंमी. त्याच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे ५०-५१ सेंमीची सीटची नळी लागते. ही नळी ५१ भरली. माप जमत नसेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका, गुडघा आणि कंबर बोलायला लागते.

सीटचा पाइप आणि हँडलचा दांडा. दोन्ही हलतात का? ॲल्युमिनियमचा पाइप पोलादी नळीत वर्षानुवर्षं बिनग्रीसचा राहिला की आतल्या आत धरून बसतो, काढताना फ्रेमचं नुकसान होतं. गुरुजींनी पान्याने ढिला केला, पाइप सहज सरकला. म्हणाले, "दर दिवाळीला ग्रीस लावतो." तिथेच माझा निम्मा निर्णय झाला.

चेन. पोलादी पट्टी लावा. एक पिन ते दुसरी पिन अर्धा इंच, म्हणून २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. १/१६ इंच जास्त भरली तर चेन बदला. १/८ जास्त भरली तर चेनसोबत फ्रीव्हीलचे दातेही गेलेले समजा. इथे १/८ होतं, तेवढा खर्च भावात धरला.

टायरचा नंबर. इथे बरेच जण फसतात. आपल्या काळ्या सायकलचं २८ × १½ टायर, रेसरचं २७ × १¼ आणि नव्या रोड बाईकचं ७००सी, तिन्ही दिसायला सारखी, पण एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. टायरवर बारीक अक्षरात मिमीमधलं माप असतं : अनुक्रमे ६३५, ६३०, ६२२. तेच बघायचं. २७ इंची टायर गावात मिळत नाही, सांगलीहून आणावं लागलं. पुढे मिळेनासं झालं तर ७००सीची चाकं बसवता येतील. फक्त ब्रेकची रबरं ४ मिमी खाली सरकायला हवीत. ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा आहे, ते आधीच बघून ठेवलं.

छर्रे. चाक उचलून फिरवा, आस धरून हलवा. खरखर किंवा खेळ असेल तर कप-कोन बघावे लागतात. छर्रे स्वस्त आहेत, खड्डे पडलेले कप-कोन शोधणं अवघड.

गुरुजींनी ७,००० सांगितले. मी चेन, फ्रीव्हील, टायर दाखवले. त्यांनी वाद घातला नाही. पोरीला विचारलं, "बाळ, गिअर कुठे आहेत ते दिसतंय का?" गिअरच्या दोन्ही कळा खालच्या दांड्यावर. टक् आवाज होत नाही, अंदाजाने सरकवायच्या. एक हात हँडलवरून काढावा लागतो. ते म्हणाले, "आधी आठ दिवस रिकाम्या रस्त्यावर. मग वाहतुकीत." ५,५०० ला दिली. साध्या कागदावर पावती करून घेतली, पायडलच्या खाली फ्रेमवर कोरलेला नंबर तिच्यावर लिहिला. जुनी वस्तू घेताना हे कराच.

हिशोब :
सायकल ५,५००
टायर दोन ८००
ट्यूब दोन ३००
चेन ३००
फ्रीव्हील ५००
ब्रेकची रबरं, केबल ४००
हँडलची पट्टी २५०
छर्रे, ग्रीस, चाकांचा आउट काढणे, मजुरी ६५०
एकूण ८,७०० रुपये.

खर्चाचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग खरेदीनंतरचा आहे, हे लक्षात ठेवा. 'पाच हजारात रेसर' असं कोणी सांगितलं तर पुढचे तीन हजार खिशात ठेवूनच जा.

आता महिना झाला. कॉलेजला जाते, रविवारी पहाटे मी मोटारसायकलवर मागे आणि ती पुढे, वीस-पंचवीस किलोमीटर. पहिल्या आठवड्यात मान-खांदे दुखले, हँडल थोडं वर घेतलं (दांड्यावरच्या कमाल खुणेच्या आतच, ती खूण बाहेर दिसू द्यायची नाही). हेल्मेट नवीनच घेतलं. ते आणि पुढचा-मागचा दिवा जुन्यात बघू नका. माळाच्या ठिबकचं साहित्य ठरल्याप्रमाणे आलंय, वापसा झाला की लॅटरल पसरणार.

ऑक्टोबरात जिल्ह्याची शालेय निवड आहे. तिथे कार्बनच्या सायकली येतील, आमची पोत्यातली. निकाल काय लागेल सांगता येत नाही, तिलाही ते माहीत आहे. म्हणाली, "पप्पा, घाटात सगळ्यांना पायच मारावे लागतात."

कोणाकडे २७ × १¼ ची टायरं शिल्लक असतील किंवा जवळपास मिळण्याचं ठिकाण माहीत असेल तर जरूर कळवा. आणि माळ्यावर अशी एखादी सायकल पडून असेल तर भंगारात देण्याआधी सुतळी लावून बघा.