लहान मुलाचं श्राद्ध नसतं

आपल्याकडे पिकल्या पानाच्या जाण्याला वाट आखून दिलेली आहे. दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध, पितृपक्षातली तिथी. दुःखाने कुठल्या दिवशी पाटावर बसायचं, ते पंचांग सांगतं. लहान मूल गेलं, तर यातलं बहुतेक काही करत नाहीत. आईला त्रास नको म्हणून घरातली माणसं त्याचं नावच घेईनाशी होतात. खेळणी कुणीतरी परस्पर उचलून नेतं. आईच्या हातांना मात्र भरवायची, न्हाऊ घालायची, वेळेवर औषध पाजायची सवय लागलेली असते. त्या हातांना द्यायला कुणाकडेच काम नसतं.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा न्यूरोब्लास्टोमाने गेला. शाळेत जायला नुकती सुरुवात केली होती त्याने. "त्याच्या वाढदिवसाला मी करायचं काय, तेवढं सांग," ताई मला म्हणाली होती. मला काही सांगता आलं नाही. तेव्हापासून मी अलेक्झांड्रा स्कॉट नावाच्या मुलीबद्दल मिळेल ते वाचत आले आहे.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात जानेवारी 1996 मध्ये ती जन्मली. सगळे तिला अलेक्स म्हणत. पहिला वाढदिवस यायच्या आतच हाच आजार निघाला. पूर्ण न घडलेल्या मज्जापेशींतून हा कर्करोग उगवतो, पुष्कळदा मूत्रपिंडावरच्या इवल्याशा ग्रंथीत. जगली तरी ही चालणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मात्र ती रांगू लागली होती, पायांना पट्ट्यांचा आधार लावून उभी राहत होती. चार वर्षांची झाली तेव्हा तिच्यावर मूलपेशींचं प्रत्यारोपण झालं. त्या दिवसांत तिने आईला सांगितलं, की घरी गेल्यावर मला लिंबू सरबताचा स्टॉल लावायचाय. जमतील ते पैसे डॉक्टरांना द्यायचे होते. त्यांनी तिला केली तशी मदत इतर मुलांनाही करावी म्हणून. त्याच वर्षी, म्हणजे 2000 मध्ये, थोरल्या भावाला सोबत घेऊन तिने घराच्या अंगणात टेबल मांडलं. 2,000 डॉलर जमले.

चार वर्षांच्या मुलीला 'इतर मुलं' हे कसं सुचलं असेल? मला वाटतं, कर्करोगाच्या वॉर्डात वाढणाऱ्या मुलांना ते आपोआप कळत असावं. शेजारची खाट हेच त्यांचं शेजारघर असतं. कोण घरी गेलं आणि कोण परत आलंच नाही, हे त्यांना मोठ्यांच्या आधी समजतं.

उपचारांसाठी कुटुंब फिलाडेल्फियाजवळ राहायला गेलं. आजार परतत राहिला आणि उन्हाळा आला की टेबलही मांडलं जात राहिलं. 2004 मध्ये अलेक्सने ठरवलं, दहा लाख डॉलर जमवायचे. देशभर लोकांनी तिच्यासाठी स्टॉल लावले. त्या वर्षी 1 ऑगस्टला ती गेली, आठ वर्षांची. दहा लाख पुरे झाले होते. पुढच्या वर्षी तिच्या आईवडिलांनी, लिझ आणि जे स्कॉट यांनी, तिच्या नावाने संस्था काढली. आजवर त्या संस्थेकडे 30 कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली आहे.

आकडा मोठा आहे, पण मी अडते ती जून महिन्यापाशी. दर जूनमध्ये तिथे अलेक्ससाठी स्टॉल लागतात. पेले मांडायचे, बर्फ आणायचा, येणाऱ्याशी तिच्याविषयी बोलायचं. आईला वर्षातून एकदा तरी लेकीचं नाव मोठ्याने घेता येतं आणि ऐकणारा कुणी विषय बदलत नाही. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने चैत्रात पाणपोई लावतात, त्याच जातीचं हे काम. फरक एवढाच, की पाणपोईवर तहान भागलेला माणूस समोर दिसतो. इथे पैसा प्रयोगशाळेत जातो. त्यातून रसायनं येतात, तरुण संशोधकाचा पगार निघतो आणि कित्येकदा फसलेला प्रयोगही पदरी येतो.

फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये एएलके नावाच्या जनुकातला बिघाड घराण्यात चालत येणाऱ्या बहुतेक न्यूरोब्लास्टोमाच्या मुळाशी असल्याचं दाखवलं. त्या कामामागे अलेक्सच्या नावाचाही पैसा होता. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगात याच जनुकाच्या बिघाडावर एक औषध तयार होत होतं; ते मग मुलांमध्ये तपासायला घेतलं गेलं. मुलांचे कर्करोग विरळ. औषध कंपन्यांना त्यात मोठा बाजार दिसत नाही. म्हणून इथे शोकातून आलेल्या पैशाला फार किंमत आहे.

अशा कामात आपली माणसंही आहेत. आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तयार केलेलं अमिनोप्टेरिन बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिलं. 1948 च्या त्यांच्या अहवालात 16 मुलं होती. 10 जणांचा आजार काही काळ मागे हटला. काही काळच. पण त्या उसन्या महिन्यांमधूनच पुढचं सगळं उभं राहिलं. त्याच जातीचं मेथोट्रेक्सेट आज परळच्या टाटा रुग्णालयातही मुलांना देतात. त्या रुग्णालयामागेही एक शोक आहे. मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि पुढच्याच वर्षी पती दोराबजींनी त्यांच्या नावाने विश्वस्त निधी स्थापला. रक्ताच्या कर्करोगावर जगात कुठेही संशोधन होवो, त्याला मदत मिळावी म्हणून.

आपण मराठी माणसं रुग्णाला देताना हात आखडता घेत नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आजही कर्करोगाच्या रुग्णांना आसरा मिळतो, रस्त्यावर बसलेल्यांना कुणी ना कुणी जेवू घालतं. हे मोलाचंच आहे, ते थांबू नये. पण ज्याचं तोंड दिसणार नाही, जे मूल अजून जन्मलंही नाही, त्याच्यासाठी द्यायला आपला हात सहसा पुढे होत नाही. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या शंभरातली ऐंशीहून अधिक मुलं बरी होतात, गरीब देशांत तीससुद्धा नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही दरी औषध पोचवण्याची आहे, तशीच स्वस्त आणि कमी त्रासाचे उपचार शोधण्याचीही आहे. तो शोध आपल्याच मुलांवर उपचार करणाऱ्यांनी, आपल्याच वॉर्डात राहून करायला हवा.

अलेक्सची हकीकत मी ताईला सांगितली. ती काही बोलली नाही. यंदा मात्र वाढदिवसाच्या आधी तिने नातेवाइकांना कळवलं, की त्याच्या नावाने जे द्यायचं ते संशोधनाला द्या. मग ती भावोजींबरोबर त्याच्या डॉक्टरांना भेटायला गेली, मलाही नेलं. हे पैसे नेमके कशाला लागतील, असं तिने विचारलं. मुलांच्या गाठींचे नमुने गोठवून जपायला, डॉक्टर म्हणाले. पुढे नवी तपासणी निघाली की जुने नमुने पुन्हा बाहेर काढता येतात.

"त्याचाही असेल त्यात?"

डॉक्टरांनी हो म्हटलं. ताईने भावोजींकडे पाहिलं आणि पावती त्याच्या पूर्ण नावाने करायला सांगितली.