चुन्याचं बोट

ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, त्याच सुमाराला आमच्याकडे जमिनीखालचं जग वर येतं. पहिल्या सरींनी बिळं भरतात, मुंग्या भिंतींना लागतात, संध्याकाळी दिव्याभोवती किडे दाटतात. आग्या माश्या त्याच्याही आधी, फुलोऱ्याच्या दिवसांत आलेल्या असतात. सह्याद्रीचे कडे हे त्यांचं जुनं घर. आता आकुर्डी-रावेतच्या उंच इमारतींच्या सज्ज्याखाली तसाच आडोसा आणि तशीच उंची त्यांना मिळते. खाली मुलं खेळत असतात, वर ते काळं, हलतं पोळं लटकत असतं. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत उभी राहते. भीती वाटते आणि मायाही.

कंपनीच्या नोकरीसाठी गाव सोडून जी माणसं या पट्ट्यात आली, त्यांनी ट्रंकेतून फार काही आणलं नाही. पण माशी चावल्यावर काय करायचं ते मात्र प्रत्येक घरानं आणलं. कुणी तुळशीखालची ओली माती लावतं, कुणी कांदा चिरून चोळतं, कुणी झेंडूचा पाला चुरगळतं, कुणी दंशावर लोखंडी किल्ली घासतं. आणि सगळ्यांकडे असतो तो चुना. चाळीतल्या एखाद्या आजीची पानाची चंची उघडायची, तर्जनीवर पांढरा ठिपका यायचा आणि रडणारं पोर त्या बोटाकडे बघूनच अर्धं गप्प व्हायचं.

चुन्यानं विष उतरत नाही. ते तोवर कातडीखाली गेलेलं असतं. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती रुतून बसते, विषाच्या पिशवीसकट माशीपासून तुटते आणि माशी मरते. पिशवी मात्र आपलं काम चालूच ठेवते, आणि बहुतेक विष पहिल्या वीसेक सेकंदांतच आत जातं. म्हणून नांगी नखानं खरवडून काढावी की चिमटीनं, हा वाद घालत बसू नये. जसं जमेल तसं, पण लगेच काढावी. तुटलेल्या नांगीतून एक वास सुटतो, पिकल्या केळ्यासारखा, आणि तो बाकीच्या माश्यांना बोलावतो. पोळं उठलेलं असेल तर तिथून आधी पळावं, नांगी मग. गांधीलमाशीची नांगी सरळ असते, ती पुन्हा पुन्हा डसते आणि आपल्या वाटेनं निघून जाते.

त्यानंतरचं घरचं औषध अगदी साधं आहे. साबण-पाण्यानं धुणं, फडक्यात गुंडाळलेला बर्फ, खाज असेल तर कॅलामाइन, डॉक्टरांनी पूर्वी सांगून ठेवलेली सेटिरिझिनची गोळी. हातावर डंख असेल तर अंगठी आणि बांगड्या आधी उतरवाव्यात. नंतर त्या निघत नाहीत. दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत हात सुजला की घर घाबरतं, पू झाला म्हणतं. बहुतेकदा तसं नसतं. अशी सूज एक-दोन दिवस चढते, मग आपसूक ओसरते. हात उंच ठेवावा, शेकत राहू नये.

घात होतो तो दुसरीकडे, आणि मला याच जागेबद्दल बोलायचं आहे. डंख पायाला असतो आणि गांधी उठतात पाठीवर, पोटावर, मानेवर. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘पित्त उठलंय, आमसूल चोळा.’ आमसूल पाण्यात भिजत पडतं, ओठ जाड होतात, आवाज बसतो, माणूस म्हणतं, ‘मला कसंतरीच होतंय.’ पोटात कळ, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी. जिथे डंख नाही तिथे शरीर बोलू लागलं, की ते पित्त नव्हे. आमसूल कोकणातून आलं, आमच्या आमटीत आहे, मला प्रिय आहे. पण त्या घटकेला त्याची वाट बघणं म्हणजे श्वास घालवणं.

शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1902 साली पोर्तिए या सहकाऱ्याबरोबर ही गोष्ट दाखवून दिली: एकदा पचलेलं विष दुसऱ्या खेपेला, अगदी थोड्या मात्रेतसुद्धा, जीव घेऊ शकतं. 1913 चं नोबेल त्याला त्यासाठी मिळालं. ‘मागच्या वेळी तर काही झालं नव्हतं’ हा आपल्या घराघरातला दिलासा म्हणूनच तकलादू आहे. आमच्या पट्ट्याला हे खरं तर परकं नसावं. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, देशाचं पेनिसिलिन इथे होऊ लागलं. आणि पेनिसिलिन ज्यांना सोसत नाही त्यांच्या शरीरात उठणारं वादळ याच जातीचं.

त्यावर औषध एकच, ॲड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. गोळी खाज कमी करते, घसरणारा रक्तदाब ती सावरत नाही. ते इंजेक्शन मिळेल तिथे निघायचं: आकुर्डीतलं महापालिकेचं कुटे रुग्णालय, पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, नाहीतर जवळचं कुठलंही, आणि हाताशी वाहन नसेल तर 108. तोवर माणसाला आडवं निजवून पाय उंच ठेवावेत. दम लागत असेल तर टेकवून बसवावं, पण चालवत नेऊ नये. बरं वाटलं म्हणून लगेच घरी आणू नये, काही तासांनी लाट पुन्हा येऊ शकते.

त्या आजीच्या बोटाचं खरं मोल मला आता कळतं असं वाटतं. चुना लावून ती उठून जात नसे. पोराला मांडीवर घेऊन बसे, गोष्ट सांगे, आणि सांगता सांगता त्याचा चेहरा बघत राही. डंखानंतरचा पहिला तासभर हवं असतं ते हेच: कुणाची तरी नजर.

चाकणला पाळीवर जाणारी मुलं एका खोलीत चार-पाच राहतात, पण रात्रपाळीहून आलेला दिवसा एकटाच झोपतो. सोसायटीचा रखवालदार केबिनमध्ये एकटा असतो. इमारतीच्या काचा पुसायला दोरावर लोंबकळणारा तर थेट पोळ्यासमोरच असतो. आमच्या सोसायटीच्या प्रथमोपचार पेटीत पट्ट्या आहेत, आयोडीन आहे, कात्री आहे. पुढच्या बैठकीत मी एवढंच मांडणार आहे, की रखवालदाराला काही चावलं तर त्यानं आधी आमच्यापैकी कुणाची तरी बेल वाजवावी, आणि ज्याच्या दाराची बेल वाजेल त्यानं तासभर केबिनमध्ये त्याच्या शेजारी बसावं.