खाऊन, टाकून, ठेवून

'खाऊन माजावं, पण टाकून माजू नये' ही म्हण पानात वाढलेल्या अन्नाबद्दलची. ती माळ्यावरच्या सामानाला लावायचं काही कारण नाही, हे मलाही कळतं. तरी सध्या एखादी वस्तू 'द्यायच्या' ढिगात टाकायला उचलली, की ती म्हण आठवते आणि वस्तू परत जागेवर जाते. आता राहायला जायचंय त्या भाड्याच्या घरात माळा नाही, दिवाण नाही, स्वयंपाकघराला फडताळंही बेताचीच. म्हणीला त्याचं काय!

तिची गंमत अशी, की तिने माजायला चक्क परवानगी दिलेली आहे. बाकी सगळे थोर लोक माजू नका म्हणून सांगून गेले. ही एकटीच म्हणते, माजा की, पण खाऊन. माझी आजी हे पंगतीत कधी म्हणाली नाही. घरी म्हणायची, भाकरीचा कोपरा ताटात उरला की. १९७२च्या दुष्काळात रेशनवर मिळणारी, अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढलेली बाई ती. त्या भाकरीला ना चव ना ढव, असं स्वतःच सांगायची आणि तीही टाकू द्यायची नाही. म्हणजे आवडीचा किंवा उपयोगाचा प्रश्नच नव्हता. टाकणं हेच मुळात वाईट.

ठेवून माजण्याबद्दल मात्र म्हण गप्प आहे. दिवाणाच्या पोटात न उघडलेले काचेचे सेट आहेत. आहेरात आलेल्या आणि दुसऱ्या कुणाच्या आहेरात जायच्या राहून गेलेल्या चादरी आहेत. ज्याचा मिक्सर कधीच भंगारात गेला, अशी मिक्सरची भांडी आहेत, झाकणांसकट. हे ना खाल्लेलं, ना टाकलेलं. ह्याला माज म्हणायचं की काटकसर? सासूबाई काटकसर म्हणायच्या. माझी मुलगी काय म्हणते ते इथे लिहीत नाही.

म्हण ज्यांनी केली त्यांच्या घरात इतकं ठेवायला नसणार, हे एक उत्तर झालं. पण मला दुसरंच वाटतं. त्यांच्याकडे टाकायची सोयच नव्हती. नऊवारी विरली की गोधडीत जायची, गोधडी विरली की पायपुसण्यात. रद्दी वाण्याकडे जाऊन पुडीच्या रूपाने घरी यायची. डालड्याच्या डब्यात तुळस. पितळेचं पातेलं फुटलं की ते मोडीत द्यायचं, त्याचं वजन व्हायचं, आणि वर घडणावळ मोजून नवं आणायचं. जुन्या कपड्यांना बोहारीण होती. ती दारात ऐसपैस बसून पँट उलटी करायची, बुडाकडचं कापड उजेडात धरायची आणि तोंड वाकडं करायची. मग तासभर घासाघीस. एवढ्याशा पातेलीवर तिला आणखी एक शर्ट हवा असे, आणि आईला पातेलीवर झाकण. प्रत्येक वस्तूला कुणीतरी घेणारं होतं. अशा जगात एखादी गोष्ट खरोखर टाकायची म्हणजे माणसाला मुद्दाम माजावंच लागत असणार.

आता बोहारणीला वॉचमन फाटकातूनच परत पाठवतो. घंटागाडी रोज सकाळी गाणं लावून येते, आणि कितीही टाकलं तरी कुणी नाक मुरडत नाही. टाकणं इतकं सोपं झाल्यावर ती म्हण बाद व्हायला हवी, की आत्ताच ती जास्त खरी झाली, हे मला ठरवता येत नाही.

हे सगळं मी माळ्यावरच्या बंबाचा विषय लांबवण्यासाठी लिहितेय, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

बंब तांब्याचा आहे. तीन पाय, एक पितळी तोटी, मधोमध जाळाची नळी. एका कुशीला पोचा आहे, तळहात बसेल एवढा. बुडाच्या दुमडीत टाचणी फिरवली तर काळपट भुगा निघतो. ती पानशेतच्या पुरातली माती, असं सासूबाई सांगायच्या. ती ढलप्यांची राख असण्याचाच संभव जास्त, कारण त्यानंतरही बंब कित्येक वर्षं रोज पेटत होता. पण त्यांच्यासमोर हे बोलायची कुणाची छाती नव्हती.

१२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं अर्धवट बांधलेलं मातीचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. लकडी पुलावरून पाणी गेलं. नदीकाठच्या पेठांतले वाडे बसले. खडकवासलाच रिकामा झाल्यामुळे ज्या शहरात पूर आला, तिथे प्यायला पाणी मिळेना. सासूबाई तेव्हा नारायण पेठेतल्या वाड्यात नव्या सून होत्या. पाणी उतरल्यावर त्यांच्या बिऱ्हाडाचं जे सापडलं ते म्हणजे न्हाणीघरात तुळईखाली अडकलेला हा बंब. पुढे गोखलेनगरला पूरग्रस्तांसाठी अर्धगोल निसेन हट उभ्या राहिल्या, त्यांतल्या एकीत संसार परत मांडला. भिंतच वरून वाकलेली, त्यामुळे तिला कपाट टेकायचं नाही. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत काय काय मावतं, हे त्या तिथे शिकल्या असाव्यात. पुरात काय गेलं त्याची यादी त्यांना शेवटपर्यंत तोंडपाठ होती. घरात काय आहे ते मात्र विचारावं लागे.

त्याच वाड्यातून, त्याच दुपारी, अंगावरच्या लुगड्यानिशी त्यांच्या जाऊबाईही बाहेर पडल्या. आमच्या काकू. त्या आता कोथरूडला मुलाकडे असतात. त्यांच्या खोलीत एक लोखंडी कपाट, आणि तेही अर्धं रिकामं. त्यांच्याकडे कुणी नुसतं 'वाटी छान आहे' म्हटलं तरी निघताना ती वाटी त्याच्या पिशवीत असते. आम्ही सगळे काकूंचं कौतुक करत आलो आणि सासूबाईंना हसत आलो. काकूंच्या मुलाला मात्र विचारून बघा. त्याची फिरकी, त्याच्या चित्रांच्या वह्या, पहिली क्रिकेटची बॅट, सगळं त्याला न विचारता कुणाकुणाला देऊन झालेलं. पन्नाशी उलटलेला तो माणूस अजून त्या बॅटबद्दल बोलतो.

तर माझा एक सिद्धान्त तयार होत आला होता. एकाच पुराने एकीला धरून ठेवायला शिकवलं आणि दुसरीला सोडून द्यायला, वगैरे. लेखाला बरा होता. परवा फोनवर काकूंना तो ऐकवला.

"कसला पूर घेऊन बसलीस!" काकू म्हणाल्या. "तुझी सासू माहेराहूनच तशी आली होती. आल्या दिवशी तिच्या ट्रंकेत सुतळीचे तुकडे होते. मी बघितलेत."

"आणि तुम्ही?"

"मला पसारा सोसत नाही. आईपण तशीच होती माझी."

सिद्धान्त संपला. मग एवढा पूर येऊन गेला, त्याने ह्या दोघींचं काहीच केलं नाही? हे मला पटत नाही. पण माझ्या म्हणण्याला पुरावा एका पोच्याचा, आणि त्यांच्या म्हणण्याला सुतळीचा. आणि पुरासारखा पूर येऊनही माणूस आहे तसाच राहणार असेल, तर आमच्यासारख्यांनी चार खोल्यांतून दोन खोल्यांत जाताना कसलं शहाणपण येण्याची वाट बघायची? नव्या घरातही वर्षभरात पिशव्यांची पिशवी दाराआड लटकेलच.

फोन ठेवता ठेवता काकूंनी विचारलं, "बंबाचं काय करतेस?"

मुलगी बंगळूरहून म्हणते, पाठवून दे, आत दिवा बसवून हॉलमध्ये ठेवीन. म्हणजे माळा फक्त गाव बदलणार. तांबट मोडीत घ्यायला तयार आहे. मी दोन्ही सांगितलं.

"पण तो तिचा नव्हेच," काकू म्हणाल्या. "न्हाणीघर सामाईक असलं तरी बंब माझ्या सासऱ्यांनी आमच्यासाठी घेतला होता. आमच्या वाटणीचा. तिने उचलला, मी काही बोलले नाही."

"मग तुमच्याकडे पाठवू का, काकू?"

"मला कशाला? आणि मोडीत वगैरे देऊ नकोस हं."

दुसऱ्याची वस्तू, जी त्याला नको आहे, पण जी आपण टाकलेलीही त्याला चालणार नाही, तिच्याबद्दल आजीकडे एखादी म्हण होती का ते आठवून पाहतेय. तांबट शनिवारी येतो म्हणालाय. त्याला अजून नको म्हणून कळवलेलं नाही, ये म्हणूनही नाही.