बोरघाटाच्या माथ्यावर, योगाच्या सावलीत

पावसाळी सहलींचे गाव म्हणून लोणावळा सर्वांच्या परिचयाचे आहे. चिक्कीची दुकाने, भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून खळाळणारे पाणी आणि शनिवार-रविवारी लागणाऱ्या वाहनांच्या रांगा, एवढ्यावर त्याची ओळख बहुधा थांबते. वाचकहो, याच गावात १९२४ सालापासून एक निराळे काम शांतपणे चालू आहे. योगवर्ग गल्लोगल्ली सुरू होण्याच्या कितीतरी आधी, योगक्रियांनी शरीरात नेमके काय घडते हे मोजून पाहण्याचे व्रत इथल्या कैवल्यधाम आश्रमाने घेतले. जे स्वतः सत्तरी-ऐंशीत आहेत आणि ज्यांच्या घरी त्या वयाची माणसे आहेत, त्यांनी हे स्थान एकदा समजून घ्यावे. प्रत्यक्ष जाणे जमले तर उत्तमच. न जमले तरी तिथून घरी आणण्याजोगे पुष्कळ आहे.

घाट चढताना

मुंबईहून येत असाल तर शक्यतो रेल्वेने या. कर्जतला गाडी थांबते, फलाटावर बटाटेवड्यांचा घमघमाट सुटतो आणि तेवढ्यात गाडीच्या मागच्या बाजूला जादा इंजिने जोडली जातात. १८६३ साली खुल्या झालेल्या या बोरघाटात सदतीस फूट पुढे जाताना रूळ एक फूट वर चढतात. एवढा चढ पुढचे इंजिन एकट्याने पेलू शकत नाही. बोगद्यामागून बोगदे जातात, दरीतली गावे लहान होत जातात, आणि खंडाळा मागे पडले की हवेत गारवा जाणवू लागतो. पुण्याहून येणाऱ्यांना घाट लागत नाही. लोकल गाडीने मावळातली भातखाचरे पाहत सावकाश येता येते.

ज्येष्ठांसाठी हिवाळ्याचे दिवस सर्वांत सोयीचे. पावसाळ्यात इथे धुवाधार पाऊस पडतो, धुके दाटते, फरशा निसरड्या होतात आणि सांधे कुरकुरू लागतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी आलात तर गर्दीही टळते.

मोजून पाहणारा योगी

कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याचे राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी व्यायामाचे शिक्षण घेतले. पुढे अमळनेरला शिक्षणकार्यात असताना नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्याकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली. गुरूंवर त्यांची श्रद्धा होती. परंतु ज्याचा अनुभव येतो त्याची कारणेही शोधावीत, असा त्यांचा स्वभाव होता. उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी पोटाच्या आत काय होते, हे त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो आणि त्यामुळेच बस्तिक्रियेत पाणी आपोआप वर ओढले जाते, हे त्यांनी यंत्राने मोजून दाखविले. ज्या गोष्टीभोवती चमत्काराचे वलय होते, तिला असा साधा खुलासा मिळाला. १९२४ मध्ये आश्रमाबरोबरच 'योगमीमांसा' हे नियतकालिकही सुरू झाले आणि त्यातून हे प्रयोग अभ्यासकांसमोर ठेवले गेले. १९६६ साली स्वामीजींचे निधन झाले. आश्रमातील संशोधन, हठयोगाच्या जुन्या ग्रंथांचा अभ्यास, योगशिक्षकांचे महाविद्यालय आणि रुग्णालय हे सारे पुढे चालू राहिले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की म्हातारपणी योगाकडे वळणारा माणूस बहुधा दोन टोकांपैकी एका टोकाला असतो. कुणी म्हणतो, 'या वयात आता काय होणार?' दुसरा कुणाचे तरी ऐकून सगळ्या गोळ्या बंद करायला निघतो. स्वामीजींची वाट या दोहोंच्या मधून जाते. करून पाहावे, काय होते ते नोंदवावे, आणि जे सिद्ध झालेले नाही त्याचा डांगोरा पिटू नये. रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये, हे त्याच वृत्तीत बसते.

स्थिर आणि सुखकर

आश्रमाच्या आवारात शिरलात की पहिल्यांदा जाणवतात ती झाडे आणि त्यांच्याखालची शांतता. दिवस पहाटे सुरू होतो, जेवण साधे व शाकाहारी असते, आणि कुणालाही कसलीच घाई नसते. आसनांची पद्धतही तशीच. झटका नाही, चढाओढ नाही, शेजाऱ्याचे डोके गुडघ्याला टेकले म्हणून आपलेही टेकावे असा हट्ट नाही. पतंजलींनी आसनाच्या व्याख्येत स्थैर्य आणि सुख या दोनच गोष्टी सांगितल्या आणि लगेच पुढे प्रयत्न सैल करण्याचा उल्लेख केला. ज्या स्थितीत चेहरा आक्रसतो आणि श्वास अडतो, ते त्या माणसापुरते आसन राहत नाही, एवढे त्यातून घ्यावे.

मग खुर्चीवर बसून केलेला योग हा खरा योग का, ही शंका उरत नाही. पाठ ताठ, दोन्ही तळपाय जमिनीवर, श्वासाबरोबर हात सावकाश वर आणि श्वास सोडताना खाली. घोटे फिरवणे, मान हळूच वळवणे. ओट्याला वा भिंतीला धरून टाचा उचलून उभे राहणे. खुर्चीतून हातांचा आधार कमीत कमी घेत उठणे आणि पुन्हा बसणे. यातली शेवटची क्रिया क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याला आपले आपण उठता येते, त्याला रात्री न्हाणीघरात जाण्यासाठी कुणाला हाक मारावी लागत नाही. वार्धक्यात स्वावलंबन म्हणतात ते एवढेच आणि एवढे मोठे असते. जागतिक आरोग्य संघटनेनेही पासष्ट वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढविणारे व्यायाम सुचविले आहेत, ते पडणे टाळण्यासाठीच.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळा. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू असेल तर डोके खाली जाणारी आसने, श्वास रोखून धरणे आणि जोरकस कपालभाती टाळा. हाडे ठिसूळ झाली असतील तर कमरेतून पुढे वाकणे आणि पाठीला पीळ देणे नको. गुडघ्याचे सांधे बदलले असतील तर वज्रासनाचा आग्रह धरू नका. शवासनातून एकदम उठू नका; आधी कुशीवर वळा, मग बसा, क्षणभर थांबा आणि मगच उभे राहा. जलनेती करायचीच असेल तर तज्ज्ञाकडून शिकून, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानेच करा. नळाचे पाणी थेट वापरू नये.

मागून रेटणारे हात

घाटात मागे जोडलेली इंजिने आठवा. प्रवासी खिडकीतून दरी पाहतात, पुढच्या इंजिनाचा फोटो काढतात. मागून कोण रेटते आहे याकडे कुणाचे लक्ष नसते. घरातील वृद्धांची सेवा करणारी सून, मुलगा, पत्नी किंवा कामाला येणाऱ्या मावशी यांची जागा बहुधा तीच. रात्री तीनदा उठायचे, औषधांच्या वेळा सांभाळायच्या, तोच प्रश्न दहाव्यांदा ऐकायचा आणि तरी आवाज चढू द्यायचा नाही. ही इंजिनेसुद्धा लोणावळ्याला सुटी होतात. कायम रेटत राहणे त्यांनाही शक्य नसते.

सेवा करणाऱ्यांनो, आपल्याला आठ दिवस आश्रमात जाऊन राहणे जमणार नाही, हे उघड आहे. म्हणून घरातच दिवसातून दोनदा पाच मिनिटे अशी ठेवा, की त्या वेळी कुणी हाक मारणार नाही आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत असेल. पाठ टेकून बसा आणि श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा थोडा लांबवा. दुसरे काही करू नका. चिडचिड शब्दांतून बाहेर पडण्यापूर्वी असा एक लांब श्वास मध्ये आला, तरी त्या दिवशीचे एक भांडण टळते. आणि घरातल्या इतरांनी ही पाच मिनिटे त्यांना मिळवून द्यावीत. तो त्यांचा लाड नसून हक्क आहे.

कार्ल्याच्या डोंगराकडे पाहताना

परतीच्या वाटेवर मळवली स्थानकाजवळ एकीकडे कार्ल्याची आणि दुसरीकडे भाज्याची लेणी आहेत. कार्ल्याचा चैत्य सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. बौद्ध भिक्षू पावसाळ्याचे महिने भटकंती थांबवून एका जागी राहत, त्याला वर्षावास म्हणत. खडकात कोरलेल्या लहानशा खोल्या, निजायला दगडी ओटा, प्यायला कातळातले टाके, एवढ्यात त्यांचा संसार आटोपे. पायऱ्या पुष्कळ आहेत. गुडघे साथ देत नसतील तर वर जाण्याचा अट्टाहास नको. खालून डोंगराकडे पाहिले तरी कळते, की फिरणे थांबणे म्हणजे जगणे थांबणे असे त्या माणसांना वाटत नव्हते. पायांची धाव कमी झाली म्हणून खंतावणाऱ्या कुणाही ज्येष्ठाने हे मनाशी धरावे.

घरी आल्यावर

खरी परीक्षा परतल्यानंतर असते. आश्रमात घंटा होते, सोबत असते, जेवण आयते वेळेवर येते. घरी यातले काहीच नसते, आणि थोड्याच दिवसांत सतरंजी कपाटावर जाऊन बसते. म्हणून फार ठरवू नका. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, झोप आणि जागरण यांत प्रमाण राखण्याविषयी जे सांगितले आहे, ते रोजच्या घरात असे उतरविता येईल: सकाळी खिडकीजवळच्या कोवळ्या उन्हात खुर्चीवर पंधरा मिनिटे हालचाली, दूरचित्रवाणी बंद ठेवून, घास नीट चावून एक जेवण, संध्याकाळी कुणाच्या तरी सोबतीने झेपेल तेवढी फेरी, आणि झोपण्यापूर्वी थोडा वेळ श्वासाकडे लक्ष.

एक वहीही ठेवा. आज खुर्चीतून किती वेळा उठलो, झोप कशी लागली, कुठे दुखले, एवढेच त्यात लिहा. महिन्याने ती वही डॉक्टरांना दाखवा आणि स्वतःही वाचा. जे मानवले ते चालू ठेवा, जे मानवले नाही ते निमूटपणे सोडून द्या. लोणावळ्याच्या त्या आश्रमाने शतकभर हेच केले आहे, आणि त्यासाठी घाट चढण्याची गरज नाही.