हासिकहून बाबांना

मस्कत, ९ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न.
सुखरूप पोचले. मत्राच्या मासळीबाजारात तुमची फार आठवण झाली. सुरमईला इथं कनद म्हणतात. कापणाऱ्यांचे हात मात्र अगदी मालवणच्या धक्क्यावरचे. उद्या सलालाला विमान, तिथून गाडीने हासिक.

हासिक, १४ फेब्रुवारी

बाबा, आज देवमासा ऐकला. दिसला नाही, पण ऐकला.

अभ्यासकांच्या होडीत मला जागा दिली होती. मागे उघडाबोडका डोंगर थेट पाण्यात उतरलेला. इंजिन बंद केलं, पाण्यात माईक सोडला आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. आधी म्हशीने रेकावं तसा लांब सूर आला, मग आपल्या जुन्या रहाटाची करकर, मग बारीक शीळ. थोड्या वेळाने पुन्हा तेच, त्याच क्रमाने. हा हंपबॅक जातीच्या देवमाशाच्या नराचा आवाज. माझे डोळे भरून आले.

जगातले बाकीचे हंपबॅक उन्हाळ्यात थंड समुद्रात चरतात आणि विणीसाठी उष्ण पाण्यात येतात. अरबी समुद्रातले तसे जात नाहीत. सुमारे ७०,००० वर्षं ते इतरांपासून वेगळे आहेत. एवढ्या उष्ण समुद्रात त्यांचं पोट भरतं ते आपल्या पावसामुळे. जूनमध्ये नैऋत्येचा वारा या किनाऱ्याला समांतर सुटतो, वरचं पाणी बाहेर लोटतो आणि तळाचं गार, कसदार पाणी वर येतं. त्यावर बारीक जीव वाढतात, त्यांच्यामागे तारली. इथं या ऋतूला खरीफ म्हणतात. तोच वारा पुढे येऊन आपल्या कौलांवर कोसळतो. लहानपणापासून मी मृगाची वाट पाहिली, पण वाटेत तो कुणाला जेवू घालून येतो हे मला ठाऊक नव्हतं.

ओमानच्या किनाऱ्यावर शेपटीच्या फोटोंवरून ओळख पटवून मोजले तेव्हा अंदाज निघाला ८२. आपल्या वाडीत याहून जास्त माणसं आहेत. १९६५-६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी याच समुद्रात २४२ हंपबॅक मारले आणि तो आकडा जगापासून लपवला. मिखालेव या शास्त्रज्ञाने १९९७ मध्ये तो छापला. एवढ्या लहान कुळाला असा घाव बसल्यावर सावरायला किती पिढ्या लागाव्यात?

दुक्म, १९ फेब्रुवारी

इथं मोठं बंदर झालं आहे. धक्क्याकडे येणारी जहाजं बघत बसले होते. जहाजाने वेग दहा नॉटच्या आत ठेवला तर धडकेत देवमासा मरण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. एवढं करणं माणसाला सहज शक्य आहे, म्हणून ते न होण्याचा जास्त राग येतो.

दुसरी भीती जाळ्यांची. ती तुम्हाला मी काय सांगणार! शेपटीच्या बुडख्याचे फोटो तपासले तेव्हा तिनातल्या जवळपास एकात जाळ्याचे व्रण वाटावेत अशा खुणा होत्या. सुटलेल्यांचे व्रण तरी दिसतात. गिलनेटमध्ये बुडून मेलेल्यांचा हिशेब कोण ठेवणार?

लुबानची गोष्ट मुद्दाम तुमच्यासाठी राखून ठेवली होती. या मादीच्या शेपटीवर लोबानच्या झाडासारखी नक्षी आहे, म्हणून हे नाव. नोव्हेंबर २०१७ मध्ये इथं जवळच, मसीराच्या आखातात, तिला उपग्रहाचं यंत्र लावलं. ती अख्खा समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, तिथून कन्याकुमारीपर्यंत उतरली आणि पुन्हा ओमानला परतली. बाबा, थंडीचे ते महिने म्हणजे तर तुमचा मासेमारीचा हंगाम!

आठवतं, एका वर्षी तुम्ही अडकलेल्या कासवासाठी जाळं कापलंत आणि आई दोन दिवस बोलली नाही. तेव्हा भरपाई नव्हती. आता महाराष्ट्रात संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळं कापलं तर सरकार पंचवीस हजारांपर्यंत देतं. मच्छीमार सोसायटीत पोरांना हे सांगा. आणि खोल पाण्यात जाणाऱ्या तांडेलांना एकदा विचारा, थंडीत कुणाला देवमाशाचा फवारा दिसला होता का, शेपटी वर आली होती का. आठवेल ती तारीख आणि वाव माझ्या निळ्या वहीत लिहून ठेवा. वही देवघराच्या फळीवर आहे.

तुमची,
बाय