दोन डोळ्यांचे नकाशे

आमच्या धडगाव तालुक्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घरात नसेल तर शेजारच्या घरात तरी असतोच. मला स्वतःला तो आहे, वाहक नाही, पूर्ण आजार. थंडीत हाडं ठणकतात, रोज फॉलिक अॅसिडची गोळी घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं, आणि आश्रमशाळेत शिकवत राहायचं. डाव्या डोळ्याची कथा वेगळी. त्याने मला लहानपणापासूनच नीट दिसत नाही. आजोबांनी बुडव्याकडे, म्हणजे आमच्याकडच्या भगताकडे, नेलं होतं, पुढे तालुक्याला चष्मा मिळाला, तोवर मी दहावीला पोचलो होतो. डाव्याचा नंबर अधिक सहा, उजव्याला जवळजवळ काहीच नाही. अशा वेळी मेंदू स्पष्ट चित्र देणाऱ्या डोळ्याचं ऐकतो आणि दुसऱ्याचं ऐकणं सोडून देतो. पुढे योग्य काच लावली तरी ते चित्र घ्यायची सवय त्याला उरलेली नसते. याला डॉक्टर आळशी डोळा म्हणतात. माझं मत विचाराल तर आळशी मेंदू आहे, डोळा बिचारा कामावर हजरच असतो.

चाळिशी ओलांडल्यावर डावं आणखी अंधुक वाटायला लागलं. सुरतेच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. आमच्या भागातले लोक मोठ्या तपासणीला नाशिकपेक्षा सुरतेलाच जास्त जातात. नंदुरबारहून ताप्ती लाइनची गाडी मिळते, नवापूरला अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत मागे पडतो, दुपारपर्यंत माणूस पोचतो. डॉक्टरांनी गाव विचारलं आणि लगेच दुसरा प्रश्न केला, "नंदुरबार जिल्हा? मग सिकलसेलची तपासणी झालीय का?" मी कार्ड काढून दाखवलं. पडद्याचा स्कॅन झाला. डाव्या डोळ्यात मध्यबिंदूच्या कानाकडच्या बाजूला पडदा पातळ दिसत होता. सिकलसेलमध्ये बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि नेमकी ही जागा उपाशी राहते. उजव्यातही किंचित तसंच होतं, पण तो डोळा 6/6 वाचत होता, त्यामुळे त्याच्याबद्दल कुणाला शंका नव्हती, मलाही नाही.

प्रश्न असा होता की डाव्याची नजर कमी आहे ती जुन्या आळसामुळे की पडदाच मरतोय म्हणून. भिंतीवरच्या तक्त्याला हे सांगता येत नाही. तक्ता फक्त किती दिसतं ते सांगतो, कुठे अडतंय ते सांगत नाही. थोडा सुगावा लागतो म्हणा. आळशी डोळ्याला एकटं अक्षर दाखवलं तर ते ओळखतो, तेच अक्षर ओळीत उभं केलं की शेजारच्या अक्षरांच्या गर्दीत हरवतं. माझं तसंच झालं. ओळ 6/36 ला थांबली आणि सुटी अक्षरं 6/18 पर्यंत गेली. डॉक्टर म्हणाले, "हे आळसाचं लक्षण. पण सर, पडद्याला स्वतःला विचारून बघू."

पडद्याला विचारायचं यंत्र अंधाऱ्या खोलीत होतं. तिथली तंत्रज्ञ मुलगी सुरतेतल्याच लिंबायतची, घरची मूळ शिरपूरकडची. मी धडगावचा म्हटल्यावर गुजराती सोडून सरळ अहिराणीत आली. "सर, उजेड दिसना का बटन दाबा. नई दिसना तर दाबू नका." अहिराणीत दिसना म्हणजे दिसला. हनुवटी टेकवली, एक डोळा झाकला, समोर लाल रंगाची बारीक कडी. नजर तिच्यावरच ठेवायची. मग आजूबाजूला पांढरे ठिपके चमकतात, प्रत्येक सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा वेळ. आधी ठळक, मग मंद, मग इतके मंद की दिसला की भास झाला ते कळत नाही. मधल्या भागातल्या 37 जागा यंत्र अशी तपासतं. दरम्यान ते सेकंदाला 25 वेळा पडद्याकडे बघत असतं, म्हणजे डोळा हलला तरी ठिपका ठरलेल्या जागीच पडतो. नेहमीच्या फील्ड तपासणीत ही सोय नसते. तिथे नजर भटकली की सगळं गणित भटकतं, आणि आळशी डोळ्याची नजर भटकतेच.

अंदाजपंचे बटन दाबणाऱ्यांसाठीही सापळा आहे. पडद्यावर जिथून नस निघते तिथे कुणालाच काही दिसत नाही. यंत्र मधूनच मुद्दाम तिथे ठिपका टाकतं. तेव्हा बटन दाबलं की चोरी पकडली जाते. परीक्षेत कॉपी पकडणारा मी, बोट जपूनच चालवत होतो.

उजवा डोळा सहज झाला. डाव्याची पाळी आली तेव्हा कडी एका जागी थांबेना. म्हणजे कडी थांबलेलीच होती, मी घसरत होतो. कपाळाला घाम आला. मुलगी दोनदा म्हणाली, "मजारला देखा, सर, मजार." म्हणजे मध्ये बघा.

निकाल दोन रंगीत नकाशांवर आला, प्रत्येक जागी एक आकडा. मोजमाप डेसिबलमध्ये. डेसिबल म्हटलं की आपल्याला लग्नातला डीजे आठवतो, इथे तो उजेडाचा असतो आणि उलटा चालतो. आकडा मोठा म्हणजे जास्त मंद उजेडही दिसला, 10 ने फरक पडला की उजेड दहापट मंद. या यंत्रावर मोजपट्टी 36 पर्यंत जाते. माझ्या उजव्याचे बहुतेक आकडे 27-28. डाव्याचे 25-26, अगदी मध्यावर थोडे आणखी खाली. म्हणजे जो डोळा तक्त्यासमोर तिसऱ्या-चौथ्या ओळीत हात टेकतो, त्याचा पडदा उजेड जवळपास उजव्याइतकाच टिपतो. मोठा फरक आकड्यांत नव्हताच. नजर कुठे टिकली ते दाखवणारे निळे ठिपके उजव्यात एका मुठीत मावत होते, डाव्यात मधल्या दोन अंशांच्या वर्तुळाबाहेर ज्वारीसारखे सांडले होते.

पण डॉक्टरांचं बोट दुसरीकडेच गेलं. कानाकडच्या पातळ भागात आकडे 21-22 होते, आणि ते दोन्ही नकाशांवर. "डाव्याची नजर आळसामुळेच कमी आहे," ते म्हणाले, "ती जुनीच गोष्ट. काळजी उजव्याची घ्यायची. दरवर्षी हाच नकाशा काढायचा." मी डावा डोळा घेऊन गेलो होतो आणि उजव्याची फाइल घेऊन परत आलो. नवापूरपर्यंत माझं त्या पातळ जागेशिवाय कशात लक्ष नव्हतं.

त्या तपासणीनंतर शाळेत एक बदल मी हट्टाने केला. वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक डोळा झाकून तक्ता दाखवायचा. दोन्ही डोळे उघडे ठेवून विचारलं तर सगळे पास, मीही तसाच वर्षानुवर्षं पास होत आलो होतो. तळहाताने झाकायला सांगितलं की पोरं बोटांच्या फटीतून बघतात, म्हणून मी पुठ्ठ्याचं झाकण केलं. तक्त्यावर फक्त इंग्रजी ई, चारी दिशांना तोंड केलेला. पोरांनी तोंड जिकडे तिकडे तीन बोटं दाखवायची. मराठी येवो न येवो, पावरी बोलणारं पहिलीतलं पोरही हे करतं.

त्यात एक मुलगी सापडली, सहा वर्षांची. उजव्या डोळ्याने सगळं वाचलं. तो झाकला की ती रागावून झाकण ढकलायची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं तेव्हा तिला दाखवलं, पुढे जिल्ह्याला औषध घालून नंबर काढला, चष्मा मिळाला, आणि चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी बांधायला सांगितली. मध्यम आळसाला दिवसाला दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच उपयोगी पडते, हे अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या गटाने 2003 मध्ये दाखवून दिलंय. दोन तास आम्हाला परवडतात. पट्टीखाली खाज सुटते, इतर मुलं हसतात, म्हणून ती वेळ मी मणी ओवायला ठेवली. आमच्याकडे मुलींना मण्यांच्या माळा करायला आवडतं आणि बारीक काम करताना आळशी डोळ्याला राबावंच लागतं.

दिवाळीनंतर तिचे आईवडील ऊसतोडीला बारडोलीकडे निघाले. मुलीला शाळेत ठेवा म्हटलं, तर आई म्हणाली, "गुरुजी, धाकट्याला कोण सांभाळेल?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पट्ट्यांचं पाकीट आणि मण्यांची पुडी दिली. घरात वाचणारं कुणी नाही, म्हणून पुठ्ठ्यावर चित्र काढलं. एक मुलगी, उजव्या डोळ्यावर पट्टी, हातात दोरा आणि वर सूर्य. सूर्य डोक्यावर आला की बांधायची, झोपडीची सावली दारापुढच्या चुलीला टेकली की सोडायची. आईने चित्र दोन वेळा बघितलं आणि विचारलं, "चूल दारापुढे नसली तर?" मग आम्ही चुलीच्या जागी पाण्याचा हंडा काढला, तो कुठेही ठेवता येतो.